मायको सर्कल, बारा-दसचा पंप आणि काळा फिल्टर

इअरफोन लावा, आजचा भाग जरा डिझेलचा वास येणारा आहे.

नाशिकला कधी गेला असाल तर रिक्षावाल्याच्या तोंडून 'मायको सर्कल' हे नाव ऐकलं असेल. बसचा कंडक्टरही तेच म्हणतो आणि मॅपवरही तेच दिसतं. मी ऑफिसातल्या नाशिकच्या दोन पोरांना विचारलं, मायको म्हणजे काय रे? एक म्हणाला, चौकाचं नाव. दुसरा म्हणाला, कुठलं तरी जुनं हॉटेल असेल. मायको ही कंपनी होती. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली बंगळुरूला सुरू झालेली. जर्मनीच्या बॉशची भारतातली शाखा म्हणा. तिचा दुसरा कारखाना नाशिकला सातपूरला आला आणि तिथे डिझेल इंजिनांचे नोझल बनू लागले. २००८ मध्ये कंपनीने नाव बदलून बॉश लिमिटेड केलं, पण चौकाने बदललं नाही.

आणि चौकच कशाला, आमच्या जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास जी ट्रकची गॅरेजं आहेत, तिथे आजही म्हातारा मिस्त्री 'बॉशचा पंप' म्हणत नाही. तो म्हणतो, 'मायकोचा पंप'. पाटी असते 'डिझेल पंप अँड नोझल'. लहानपणी मला वाटायचं की हे पाण्याचे पंप दुरुस्त करतात, आणि नोझल म्हणजे शेतात फवारणीचं काहीतरी. अर्धं बरोबर होतं ते. फवारणी असते, पण इंजिनाच्या आत, आणि मिनिटाला हजारो वेळा.

तर आजचा विषय एकदम छोटा: जुन्या ट्रकचा फ्युएल पंप आणि डिझेल फिल्टर बदलणे. दोन-तीन तासांचं काम. पण या कामाच्या मागे जर्मनी, जमशेदपूर, बंगळुरू, आणि मनमाडजवळ झालेला एक खून आहे. खरंच सांगतो.

आधी शब्द साफ करून घेऊ, नाहीतर पुढे घोळ होईल. तुमच्या पेट्रोल कारमध्ये फ्युएल पंप म्हणजे टाकीत बुडालेली एक छोटी इलेक्ट्रिक मोटर. जुन्या डिझेल ट्रकमध्ये पंप दोन असतात. एक फीड पंप, मुठीएवढा. त्याचं काम टाकीतून डिझेल ओढायचं आणि फिल्टरमधून पुढे ढकलायचं. त्याचा दाब एक-दीड बार, म्हणजे बाइकच्या टायरमध्ये असतो त्याहून कमी. दुसरा मोठा पंप. याला नुसतं 'पंप' म्हणतात, कारण गॅरेजमध्ये राजा तोच. तो डिझेल नोझलकडे पाठवतो आणि नोझल उघडतो सुमारे दोनशे बारला. फीड पंप या मोठ्या पंपाच्या कुशीत बोल्टने बसवलेला असतो आणि त्याच्याच कॅमवर चालतो. दोघांच्या मधे फिल्टर. ही मधली जागा लक्षात ठेवा.

माझ्या मामाकडे टाटाची १२१० होती. बोलायला 'बारा-दस'. या आकड्यांची गंमत अशी, की पहिले दोन म्हणजे गाडीचं मालासकट वजन साधारण किती टन, आणि पुढचे म्हणजे हॉर्सपॉवर, दहाने गुणून. बारा टन, शंभरेक हॉर्सपॉवर. १६१२ म्हणजे सोळा टन, एकशेवीस. आपली ४०७ पण त्याच घराण्यातली, चार टन आणि सत्तर. गाडीच्या नावातच तिचं स्पेसिफिकेशन. आमच्या कोडमधल्या व्हेरिएबलना इतकी चांगली नावं नसतात.

आता मागे जाऊ.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला नीट चाललं. त्यात स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, मग त्यात इंधन सोडायचं, ते आपोआप पेटतं. इंधनातल्या ऊर्जेपैकी जवळजवळ २६ टक्के ऊर्जा कामाला यायची. त्या वेळच्या वाफेच्या इंजिनांना दहा टक्केही अवघड होते. मग जगभर लगेच डिझेल ट्रक का धावले नाहीत?

कारण पंप नव्हता. दाबलेल्या हवेत इंधन घुसवायचं म्हणजे त्याहून जास्त दाब हवा. डिझेलसाहेबांनी उपाय काढला तो म्हणजे आणखी दाबाच्या हवेने इंधन आत फुंकायचं. त्यासाठी इंजिनाच्या शेजारी एक मोठा कॉम्प्रेसर लागायचा. जहाजात, वीजघरात चालतं ते. ट्रकवर ठेवलात तर माल कुठे ठेवणार? डिझेल १९१३ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसा झाला. त्याचं काय झालं यावर अख्खा वेगळा एपिसोड होईल, पण आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की त्याच्या हयातीत त्याचं इंजिन रस्त्यावर आलंच नाही. बेंझ आणि मान या कंपन्यांचे पहिले डिझेल ट्रक १९२३-२४ मध्ये आले.

आणि तिथे रॉबर्ट बॉश शिरला. गंमत बघा, बॉशची कंपनी मोठी झाली ती मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगवर. ज्या इंजिनाला स्पार्क प्लग लागतच नाही, ते वाढलं तर याचा धंदा बसणार. त्याने १९२२ मध्ये ठरवलं की डिझेलचा पंप आपणच बनवायचा. पाच वर्षं गेली. १९२७ मध्ये पहिल्या हजार पंपांचं उत्पादन सुरू झालं. धंदा बुडवू शकणारी गोष्ट स्वतःच बनवायची, हे स्टार्टअपवाले आज स्लाइडवर लिहितात. त्याने लोखंडात करून दाखवलं.

या पंपाच्या आत काय आहे ते सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. सहा सिलिंडर तर सहा छोटे दट्टे, एका ओळीत. म्हणून याला इनलाइन पंप म्हणतात. प्रत्येक दट्टा आपल्या नळीत वर-खाली होतो. दट्टा आणि नळी ही जोडी म्हणजे 'एलिमेंट'. दट्टा दर वेळी तेवढाच वर जातो, कमी नाही, जास्त नाही. मग डिझेल कमी-जास्त कसं होतं? दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी खाच कापलेली असते. वर जाताना ती खाच नळीतल्या छिद्रासमोर आली की दाब सुटतो, फवारा थांबतो. दट्टा स्वतःभोवती जरासा फिरवला तर खाच लवकर किंवा उशिरा समोर येते. बस. ड्रायव्हर पाय देतो तेव्हा गव्हर्नरमार्फत हे सहा दट्टे एकदम किंचित फिरतात. ना सेन्सर, ना प्रोसेसर. एक तिरकी खाच म्हणजे पूर्ण अल्गोरिदम. मी जेव्हा पहिल्यांदा कापलेला पंप इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये पाहिला तेव्हा पाच मिनिटं बोललोच नाही.

आता यात एक अट आहे. दोनशे बारला डिझेल बाजूने निसटू नये म्हणून दट्टा आणि नळीमधली फट दोन-तीन मायक्रॉन ठेवतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. त्या फटीत रबरी सील नाही, वंगणाचं वेगळं तेल नाही. डिझेल स्वतःच वंगण. म्हणजे डिझेलमध्ये जे काही असेल, ते थेट त्या फटीत जाणार. धूळ असेल तर धूळ, पाणी असेल तर पाणी. म्हणून फिल्टर. फिल्टर हा इंजिनाचा नसतो, पंपाचा असतो. इंजिनाला थोड्या कचऱ्याने काही होत नाही.

हा पंप खानदेशात कसा आला? १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून ट्रक बाहेर पडू लागले. टेल्को तोवर रेल्वेची वाफेची इंजिनं बनवत होती. जुन्या फोटोत टाटांच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा दिसतो तो याच काळातला. करार १९६९ ला संपला, तारा गेला, 'टी' आला. तोपर्यंत बहुतेक भाग इथेच बनत होते. त्याआधी रस्त्यावर बेडफर्ड, डॉज, फार्गो असे बरेच ट्रक पेट्रोलवर चालायचे. डिझेल स्वस्त आणि कमी लागणारं. त्यामुळे एकेका गाडीचा मालक असणं परवडायला लागलं. बँकेचं किंवा फायनान्सवाल्याचं कर्ज, एक गाडी, घरातलाच ड्रायव्हर. सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळ करत कोलकात्याला जाणारा आमचा जुना सहा नंबर हायवे, आता त्याला ५३ म्हणतात, तो अशा एक-गाडी-मालकांवर चालला.

पण विचार करा, पंप जर्मनीहून आणायचा असता तर? पन्नाशीच्या दशकात देशाकडे परकीय चलनाची इतकी टंचाई होती की प्रत्येक आयातीला परवाना. एक दट्टा घासला म्हणून गाडी सहा महिने उभी. मायकोने पंप आणि नोझल इथे बनवले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सुटे विकले. एलिमेंट सुटा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह सुटा, नोझल सुटा, फीड पंपाची स्प्रिंगसुद्धा सुटी. म्हणून आपल्याकडे पंप 'बदलत' नाहीत, पंप 'बांधतात'. हा शब्द मला फार आवडतो. मिस्त्री म्हणतो, "पंप बांधून घेतला का?"

२००९ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी शाळेत होतो, सुट्टीत मामाच्या मागे. मामा यावलहून केळी भरून औरंगाबादला चालला होता आणि अजिंठ्याच्या घाटात गाडी दम टाकायला लागली. सपाटीला ठीक, चढाला मरते. घाट कसाबसा चढून, माल उतरवून परत आला तो थेट गॅरेजला. केळीचं एक बरं-वाईट आहे, ती तुमच्यासाठी थांबत नाहीत. झाकलेल्या गाडीत मेच्या उन्हात एक दिवस जास्त गेला की भाव पडला. त्यामुळे मामा घाबरला होता, फक्त दाखवत नव्हता.

मिस्त्री, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, त्यांनी गाडीला हातच लावला नाही आधी. प्रश्न विचारले. आयडलला कशी चालते? काळा धूर येतो का? गरम झाल्यावर बंद केली तर परत सुरू होते का? हे मी आज ऑफिसात करतो आणि त्याला डीबगिंग म्हणतो आणि त्याचे पैसे मिळतात. चाचांचं गणित सरळ होतं. आयडलला डिझेल कमी लागतं, तेवढं मिळतंय. चढाला जास्त लागतं, तेवढं मिळत नाहीये. म्हणजे इंजिन दोषी नाही, वाट अडली आहे. धूर काळा असता तर डिझेल जास्त होतंय किंवा हवा कमी पडतेय. आणि गरम झाल्यावर सुरूच होत नसती, आणि पंपावर ओलं फडकं टाकलं की सुरू झाली असती, तर एलिमेंट घासलेत. कारण गरम डिझेल पातळ होतं आणि रुंदावलेल्या फटीतून निसटतं. जळगावचं ऊन ४५ अंशांचं, त्यामुळे ही ओल्या फडक्याची परीक्षा आमच्याकडे सगळ्यांना माहीत.

मग काम सुरू झालं. पहिल्यांदा टाकीच्या तळाचा बोल्ट उघडला. थोडं पाणी, थोडा गंज आणि काळा बुळबुळीत गाळ. टाकी अर्धी रिकामी ठेवून रात्री गाडी उभी केली की आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर जमून खाली उतरतं. पाणी जड, ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात, तो काळा गाळ त्यांचाच. "हे पाय भो," चाचा मामाला म्हणाले, "फिल्टर बदलशील अन् टाकी अशीच ठेवशील, तर पुढच्या आठवड्यात परत येशील."

मग फीड पंप काढला. तो काढायला सोपा, बोल्ट मोजके. आत एक दट्टा, एक स्प्रिंग, दोन छोटे व्हॉल्व्ह. एक डिझेल आत घेतो, एक बाहेर सोडतो, परत येऊ देत नाही. मामाच्या पंपातले व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते आणि स्प्रिंग थकली होती. म्हणजे दट्टा हलत होता पण अर्धं डिझेल तिथल्या तिथे मागेपुढे करत होतं. चाचांनी किट न टाकता फीड पंप पूर्ण नवा बसवायला सांगितला, कारण दट्ट्याची दांडीही सैल झाली होती. तिथून डिझेल मोठ्या पंपाच्या तळातल्या ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि मग कॅम खराब. शंभर रुपये वाचवायला जाऊन हजारोंचा पंप घालवायचा, असा तो हिशोब.

मग फिल्टर. बारा-दसवर दोन फिल्टर शेजारी-शेजारी. पहिला कापडाचा, जाड कचरा अडवायला. दुसरा कागदाचा, बारीक अडवायला. आधी पहिला, मग दुसरा, उलटं बसवलं तर कागद दोन दिवसांत तुंबतो. चाचांनी नवा कागदाचा फिल्टर कोरडाच बसवला. मी विचारलं, डब्यातून डिझेल भरून बसवला तर लवकर होणार नाही का? ते म्हणाले, डब्यातलं डिझेल गाळलेलं आहे का? वरून ओतलं तर ते गाळल्याशिवायच पंपात जाईल. मला ते उत्तर अजून लक्षात आहे. नव्या कॉपर वायसर टाकल्या, कारण जुन्या एकदा दाबल्या गेल्या की परत नीट बसत नाहीत आणि तिथून डिझेल टपकतं, नाहीतर हवा आत ओढली जाते. ही गोष्ट नवख्याला कळतच नाही. गळती दिसते, हवेची ओढ दिसत नाही.

आणि शेवटी हवा काढणे. डिझेल दाबलं तर जागा देत नाही, हवा दाबली तर आकसते. पाइपात एक बुडबुडा असला की दट्टा बिचारा बुडबुडाच दाबत बसतो, नोझल उघडतच नाही. म्हणून फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपावरचा हॅन्ड पंप हाताने मारत राहायचं. आधी फेस येतो, मग थुंकल्यासारखं डिझेल, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा, मग मोठ्या पंपावरचा. ते काम मला दिलं होतं. हाताला डिझेलचा वास दोन दिवस. गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली.

मोठा पंप त्या दिवशी उघडावा लागला नाही. तो उघडायचा असता तर चाचांनी स्वतः उघडला नसता. त्यासाठी वेगळं दुकान, बंद काचेची खोली, चपला बाहेर. आत टेस्ट बेंच. पंप त्यावर चढवून फिरवायचा आणि सहा नळ्यांत सहा नोझलचं डिझेल मोजायचं, सगळ्यांत सारखं हवं. गाडीवर परत बसवताना टायमिंग लावायची जुनी पद्धत तर बघण्यासारखी. पहिल्या सिलिंडरच्या जागी एक वाकडी नळी लावतात, इंजिन हाताने हळूहळू फिरवतात, आणि नळीतून पडणारे थेंब ज्या क्षणी थांबतात, तो क्षण. थेंब थांबला की टायमिंग. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा सिलिंडरांचा क्रम चाचांना पाढ्यासारखा पाठ होता.

आता तो काढलेला जुना फिल्टर. चाचांनी तो उन्हात धरून वास घेतला आणि मामाला एकच शब्द बोलले: "रॉकेल."

त्यांना ते फिल्टरवरूनच कळलं की त्या काळात सगळ्याच गाड्यांत असायचं म्हणून अंदाज केला, सांगता येत नाही. मामा कुठल्या पंपावर भरत होता ते मी सांगणार नाही. पण त्या वर्षांत रेशनचं रॉकेल डिझेलच्या निम्म्याहून कमी किमतीला होतं. सरकार गरिबाच्या चुलीसाठी सबसिडी देत होतं आणि ओळखू यावं म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत होतं. किमतीतला हा फरक म्हणजे धंदा. टँकर वाटेत ढाब्यामागे उभा करायचा, थोडं डिझेल काढायचं, तेवढं रॉकेल भरायचं. इंजिन रॉकेलवर चालतं, त्याला काही वाटत नाही. पण रॉकेल डिझेलपेक्षा कोरडं, त्यात वंगणाचा गुण कमी. आणि मघाशी सांगितलं, त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीत वंगण म्हणून फक्त इंधनच आहे. म्हणजे सबसिडीची चोरी शेवटी कुणाच्या खिशातून जात होती? एका गाडीच्या मालकाच्या. त्याचा पंप वेळेआधी घासायचा, आणि त्याला वाटायचं ड्रायव्हर गाडी नीट चालवत नाही.

जळगावहून मुंबईकडे रेल्वेने दोन-अडीच तासांवर मनमाड. मनमाडजवळ पानेवाडी भागात तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथूनच उत्तर महाराष्ट्राला डिझेल-पेट्रोलचे टँकर सुटतात. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात होते. एका ढाब्याजवळ त्यांना टँकरमधून चोरी चाललेली दिसली. ते थांबले, मोबाइलवर चित्रण करायला लागले. त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं.

राज्यभरातल्या लाखो सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. धाडी पडल्या, साठे सापडले, तपास सीबीआयकडे गेला. त्याआधी २००५ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम याचा खून झाला होता. त्याने भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली होती. तो सत्तावीस वर्षांचा होता. मी आज साधारण त्याच वयाचा आहे, आणि माझ्या कामात सगळ्यात मोठा धोका म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला कोड ढकलणे.

लोक म्हणतात खून झाल्यावर भेसळ थांबली. माझं मत वेगळं आहे. भेसळ कमी झाली ती किमतीतला फरक मिटत गेला तेव्हा. २०१६ पासून रॉकेलची किंमत थोडी थोडी वाढवत नेऊन २०२० पर्यंत सबसिडी जवळजवळ शून्यावर आली. गॅस घरोघरी गेला, रेशनचं रॉकेलच आटलं. हे आधी झालं असतं तर, हा विचार मी इथेच सोडतो.

दुसरा बदल डिझेलमध्येच झाला. १ एप्रिल २०१७ ला देशभर बीएस-४ आलं, १ एप्रिल २०२० ला बीएस-६. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं. नव्वदीच्या दशकात ते हजारांत होतं. हवेसाठी हे चांगलंच. पण रिफायनरीत गंधक काढताना डिझेलमधला नैसर्गिक वंगणाचा गुणही जातो, म्हणून कंपन्यांना तो वेगळा मिसळावा लागतो आणि त्याचीही मर्यादा मानकात लिहिलेली आहे. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षं जे आपोआप मिळत होतं ते आता घालावं लागतं.

आणि पंप? नव्या ट्रकमध्ये कॉमन रेल. जपानच्या डेन्सोने १९९५ मध्ये हिनोच्या ट्रकवर तो पहिल्यांदा आणला, मग बॉशने कारमध्ये. इथे दाब सोळाशे ते दोन हजार बार आणि कधी किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तिरकी खाच रिटायर. अशोक लेलँडने बीएस-४ मध्येही जुना इनलाइन पंप काही जुगाड करून टिकवून दाखवला होता, कारण आपला ट्रकवाला त्या पंपावर विश्वास ठेवतो हे त्यांना माहीत होतं. बीएस-६ ला ते संपलं. आता नवीन इंजेक्टर बसवला तर त्याच्यावर छापलेला कोड लॅपटॉपने गाडीत भरावा लागतो. हे माझं क्षेत्र, मला आनंद व्हायला पाहिजे. पण हायवेवर रात्री दोनला हाताने हवा काढता येणारी गाडी आणि फिल्टरमध्ये पाणी आलं की डॅशबोर्डवर दिवा लावून ताकदच कमी करून टाकणारी गाडी, यात एक-गाडी-मालकाला कुठली परवडते हे तुम्हीच बघा.

मामाने बारा-दस विकली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, २०१५ ला हरित लवादाने सांगितलं, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं. आझादपूरला केळी नेणाऱ्यांनी गाड्या बदलल्या, मग जुन्या गाड्यांचा बाजारच पडला, तसा मामाचाही हिशोब जुळेना.

काचेच्या खोलीतला टेस्ट बेंच मात्र अजून फिरतोय. गेल्या दिवाळीत पिंप्राळ्याला घरी आलो तेव्हा जाऊन बघितला. ट्रकचे पंप फार कमी येतात. येतात ते ट्रॅक्टरचे. पन्नास हॉर्सपॉवरच्या आतल्या ट्रॅक्टरांना नवे कडक नियम तेव्हा लागलेले नव्हते, म्हणून तिथे जुनाच मेकॅनिकल पंप होता. खरिपाच्या आधी गर्दी असते म्हणे. मालकाचा मुलगा स्कॅनर घेऊन कॉमन रेल शिकलाय, तो बाहेरच्या टेबलावर बसतो. आतल्या खोलीत अजूनही चपला काढूनच जावं लागतं.

तुमच्या गावात असा टेस्ट बेंच चालू असेल तर त्याचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.